शिंकांचा आलेख

“भांडता कशाला? टाकून बघू या की!” असं म्हणत बाई पदराच्या टोकाची गाठ सोडायच्या. गाठीत चिंचोके असायचे, मधोमध फोडलेले. एक अंग काळसर, गुळगुळीत, दुसरं पांढरं. ते मुठीत घेऊन त्या कानाशी खुळखुळवायच्या, डोळे मिटायच्या आणि टेबलावर टाकायच्या. वर्गातली सगळी डोकी टेबलावर. गणिताच्या तासाला पोरं पुढं धावतात, हे मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं.

मी त्याच शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. आमचं गाव ओतूरच्या अलीकडचं, नदीकाठचं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून हायस्कूल उभं केलेलं, वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. मी शिनोलीकडचा, भातखाचरातून उठून आलेला, मला ते पत्रेसुद्धा शहरी वाटायचे. दुपारी ते इतके तापायचे की पोरं झेंड्यासारखी वह्या हलवत बसायची.

बाई जुन्नरच्या. त्यांचं घर हातकागद बनवणाऱ्यांचं. धंदा बसत चालला होता, पण वडिलांनी मुलीला पुण्याला ठेवून शिकवलं. मुसलमान घरातली मुलगी, त्यात गणित शिकवणारी, आणि वर सदा हसणारी. पहिले काही दिवस गाव जरा बिचकूनच होतं. एका म्हाताऱ्या विधवा मावशीनं त्यांना खोली दिली. दर शनिवारी शाळा सुटली की बाई एस.टी.च्या मोटारीनं जुन्नरला जायच्या, सोमवारी सकाळी यायच्या. काखेत छत्री, हातात पिशवी, आणि चाल अशी की मागून कुणी कुत्रं सोडलंय.

त्यांचं एक वेगळंच होतं. पोरानं चुकीचं उत्तर दिलं की त्यांना आनंद व्हायचा. “वा! हे मला सुचलंच नसतं!” म्हणायच्या, आणि ते चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून त्याच्याभोवती चौकट काढायच्या. मग ते कुठं चुकलं हे शोधायला अख्खा वर्ग कामाला. पोरं चुकायला घाबरेनाशी झाली. काही तर मुद्दाम चुकायची.

चिंचोक्यांचा पहिला तास मी खिडकीतून ऐकला. पाठोपाठ पांढरं अंग वर येत होतं. मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, “आता काळंच येनार बाई! लिवून घ्या!”

“का रे?”

“एवढ्या बारी पांढरं आलं, आता काळ्याची पाळी!”

बाईंनी एक चिंचोका चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर नेला. “हा बघ. याला विचार, मागच्या खेपेला तू कसा पडलास. चिंचोक्याला आठवण असते का?”

पोरगं खरंच चिंचोक्याकडे बघत राहिलं. वर्ग खो खो हसला. पण त्या दिवसापासून गल्लीत विटीदांडू खेळतानाही पोरं एकमेकांना म्हणायची, “चिंचोक्याला आठवण नसती रं!”

नाणं का नाही टाकत, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “नाणं फार सरळ असतं मास्तर. चिंचोका एका अंगानं फुगीर, तो कसा पडेल हे नुसता विचार करून सांगताच येत नाही. खूप वेळा टाकावा लागतो, लिहून ठेवावं लागतं. मग हळूहळू त्याचा स्वभाव कळतो. माणसासारखाच.”

हेडमास्तर पुण्याचे, शिस्तीचे, आणि तपकिरीचे. डबी सदऱ्याच्या खिशात, चिमूट सदा बोटांत. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. “हे पुस्तकात कुठं आहे?”

“पुस्तकात नाही सर. पुस्तकात कधीतरी येईलही. पण ही पोरं आत्ता आहेत.”

हेडमास्तरांनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले आणि म्हणाले, “बरं, पण आवाज कमी.” आवाज काही कमी झाला नाही.

मग बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “मास्तर, मला चौकोनांचा कागद हवाय. खूप मोठा. भिंतीएवढा.” आलेख काढायचा छापील कागद पुण्याहून मागवावा लागे, तो तळहाताएवढा आणि मोजूनमापून मिळे. पुढच्या सोमवारी त्यांनीच जुन्नरहून वडिलांनी केलेल्या कागदाची गुंडाळी आणली. जाड, खरबरीत, अंगाला वाळलेल्या गवताचा वास. आम्ही तो सभागृहाच्या जमिनीवर पसरला आणि तुकडे खळीनं जोडले. सुताराची रेघा आखायची दोरी निळीत बुडवायची, दोन पोरांनी दोन टोकं ताणून धरायची, तिसऱ्यानं मधोमध उचलून सोडायची. टप्प! एक सरळ निळी रेघ. टप्प! दुसरी. संध्याकाळपर्यंत कागद चौकोनांनी भरला आणि बाई, मी आणि सगळी पोरं निळी झाली. बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर निळीचा ठिपका तसाच राहिला. कुणी सांगितलं नाही. त्या तशाच मोटारीच्या रस्त्यानं मावशींच्या घरी गेल्या, भेटेल त्याला “रामराम” करत.

त्यानंतर शाळेला आलेखांचं वेड लागलं. डब्यात कुठली भाजी येते याचा आलेख. वांग्याचा खांब एवढा उंच की कागदाला वरून तुकडा जोडावा लागला. गावातल्या आयांच्या कानावर ते गेलं, आणि पुढच्या आठवड्यात डब्यांत अचानक शेवग्याच्या शेंगा, घेवडा, काय काय दिसायला लागलं. पोरं बाईंवर जीव टाकायची, तो काही उगाच नाही. मला त्या आवडायच्या का, असं तुमच्या मनात आलं असेल. सगळ्या गावालाच आवडायला लागल्या होत्या, त्यात मीही होतो, एवढंच सांगतो.

आता गावाच्या काळजीची गोष्ट सांगतो. आमची शाळा दहावीपर्यंतच होती. अकरावी, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, काढायला सरकारी परवानगी लागे. ती नसली की दहावीनंतर मुलांनी जुन्नरला जायचं. मुलगे जायचे कसेबसे. मुलींना कोण पाठवणार? दहावीत चार मुली होत्या. त्यांतली एक हौसा, शाळा समितीच्या अध्यक्षांची नात. तिच्या घरी पाहुणे यायला सुरुवात झाली होती. शाळा संपली की लग्न, असं ठरल्यातच जमा होतं.

परवानगीचे कागद तयार होते. मार्चअखेरपर्यंत अध्यक्षांनी स्वतः पुण्याच्या कचेरीत हजर राहून सही करायची, एवढंच उरलं होतं. आणि तिथंच घोडं अडलं होतं.

अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. उंच, धिप्पाड, भरघोस मिशा, डोक्याला गुलाबी पटका. शाळेसाठी जमीन त्यांनीच दिलेली. कुणाला भ्यायचे नाहीत. फक्त शिंकेला. घरातून निघताना कुणी शिंकलं की आप्पा जोडे काढायचे आणि तो दिवस रद्द. पाणी पिऊन, थोडं थांबून निघणारे लोक असतात. आप्पांचं तसं नाही. “नाट लागली,” म्हणायचे आणि थेट आडवे व्हायचे.

त्या हिवाळ्यात ते पुण्याला जायला किती तरी वेळा निघाले. पटका बांधायचे, कागदांची पिशवी घ्यायचे, मोटारीच्या थांब्यावर यायचे. त्यांना निरोप द्यायला हेडमास्तर हजर. आणि हेडमास्तर हजर म्हणजे तपकीर हजर. मोटार आली, आप्पांनी पायरीवर पाय ठेवला, की “आँऽऽक्छी!” आप्पा खाली. मोटार त्यांच्याशिवाय निघून जायची. हेडमास्तरांना हे सांगायचं कुणी? त्यांचं म्हणणं, तपकिरीची शिंक ही शिंकच नव्हे.

शिक्षकांच्या खोलीत एकदा यावरून जोरात वाद झाला. मी म्हटलं, आप्पांची समजूत घालायला हवी. हेडमास्तर म्हणाले, “समजुतीनं समजूत जात नसते.” बाई इतका वेळ वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली. डोळे असे चमकले की मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात त्यांनी विचारलं, “शिंक आली की काम बिघडतं, हे खरं का?”

अर्धा वर्ग “हो!” अर्धा वर्ग “न्हाई!”

“भांडता कशाला?” बाई म्हणाल्या, आणि वर्ग एका सुरात ओरडला, “टाकून बघू या!”

“शिंक टाकता येत नाही,” बाई म्हणाल्या, “पण मोजता येते.”

तो पूर्ण तास कशाला शिंक म्हणायचं यावरच गेला. सर्दीची शिंक धरायची का? मिरच्या कांडतानाची? झोपेतली? एकानं विचारलं, “बाई, शेरडू शिंकलं तर?” त्यावर हात वर करून मतं घेतली. शेळी बाद झाली. तपकिरीची शिंक मात्र धरायची ठरली. हौसा उठून म्हणाली, “आप्पा तपकिरीच्या शिंकंला बी परत येत्यात. मंग धरायलाच पायजे.” बाई म्हणाल्या, “बरोबर. ज्यानं माणूस थांबतो, ते मोजायचं.”

मग त्यांनी फळ्यावर चार घरं काढली. शिंक झाली, काम झालं. शिंक झाली, काम फसलं. शिंक नाही, काम झालं. शिंक नाही, काम फसलं. एकानं विचारलं, शेवटची दोन कशाला? शिंकेचंच बघायचंय ना? बाई म्हणाल्या, “शिंक न होताही कामं फसतात की रे. पण ती कोण लक्षात ठेवतं? शिंक होऊन फसलेलंच तेवढं डोक्यात राहतं. म्हणून चारही लिहायची.”

पुढचे काही आठवडे गावाला सुख म्हणून नव्हतं. पहाटे औत घेऊन निघालेल्या माणसाला चावडीच्या ओट्यावरून आवाज, “काका, कुनी शिंकलं का?” संध्याकाळी तेच पोर रस्त्यात, “काका, काम झालं का?” ओतूरच्या बाजाराला निघालेल्या बायकांच्या मागं मुली. “मावशी, कोंबडी विकली का?” एक म्हातारा इतका वैतागला की पोर दिसलं की लांबूनच ओरडायचा, “न्हाई शिंकलं! झालं काम! जा!” एक पोरगं वडिलांच्या मागं नांगरटीला गेलं आणि दिवसभर शिंकेची वाट बघत बांधावर बसलं. शेवटी बापानंच कंटाळून स्वतःच्या नाकात गवताची काडी घातली.

एकदा भर वर्गात एक मुलगा शिंकला. सगळे कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याकडे वळले. “तू कुठं चाललायस?” तो म्हणाला, “पानी प्यायला.” तो पाणी पिऊन परत येईपर्यंत वर्ग थांबला. “पानी मिळालं का?” “मिळालं.” टाळ्या!

आलेख तयार झाला तो दिवस मला अजून दिसतो. रंग मी कालवले होते. झालेल्या कामाला हळदीचा पिवळा, फसलेल्याला गेरू. एक माहिती, एक चौकोन. पोरं पाळीपाळीनं येऊन आपापला चौकोन भरत होती. खांब वाढत होते तशी खालून आरोळी उठत होती, जणू कुस्तीचा फडच. शेवटी कागद भिंतीवर चढला. बिनशिंकेचे दोन खांब उंच, कारण लोक निघतात ते बहुतेक शिंक न होताच. शिंकेचे दोन बुटके. “नुसती उंची बघू नका,” बाई म्हणाल्या, “जोड्या बघा.” शिंकेच्या जोडीत पिवळा खांब गेरूच्या साधारण तिप्पट. बिनशिंकेच्या जोडीतही तेच. “म्हंजी शिंकंनं काय बी फरक पडत न्हाई!” वर्ग एकदम बोलायला लागला.

आप्पांना बोलावणं गेलं नव्हतं. ते आपणहून आले. हात मागं बांधून आलेखासमोर उभे राहिले. हौसानं खांब समजावून दिले. बराच वेळ बघून आप्पा म्हणाले, “समदं गाव हाय का ह्यात?”

“हाय की. ह्ये आपल्या वाडीचे चौकोन, ह्ये पलीकडच्या.”

“आन् मी?”

हौसा अडखळली. तिनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली, सांग.

“तुमी कुठंच न्हाई आप्पा.”

“म्हंजी?”

“शिंक झाली की तुमी घरी येता. मंग काम झालं का फसलं, ते कसं लिवायचं? तुमी गेलाच न्हाई.”

आप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. राग नव्हता. लहान मुलाला पंगतीत वाढायचं राहिलं की जसा होतो, तसा. “समद्या गावाचा खांब,” ते हळूच म्हणाले, “आन् जिमीन देनाऱ्याचा एक चौकोन न्हाई?” आणि तरातरा निघून गेले. हेडमास्तर घाबरले. म्हणाले, “बाई, आता शाळाच जाते की काय!”

दोन दिवसांनी आप्पांचा निरोप आला. उद्याच्या मोटारीनं पुण्याला जातो.

सकाळी थांब्यावर अख्खी शाळा लोटली. हेडमास्तरांनी तपकिरीची डबी घरी ठेवली होती आणि हवालदिल चेहऱ्यानं नुसतीच बोटं चोळत होते. मोटार आली. टपावर हमाल ओतूरच्या कुणा व्यापाऱ्याची मिरचीची पोती चढवत होते. एक पोतं उसवलेलं. लाल धूळ भुरुभुरु खाली यायला लागली. सगळ्यांचे हात नाकाशी. कुणी पदर, कुणी टोपी. आप्पांनी पिशवी सावरली, पायरीवर पाय ठेवला. इतकी शांतता की मोटारीचं इंजिन सोडून कशाचा आवाज नाही.

आणि बाई शिंकल्या.

साधीसुधी नव्हे. छत्री हातातून पडली. आणि पाठोपाठ, सवयीनं, मोठ्यानं त्यांच्या तोंडून निघालं, “अल्हम्दुलिल्लाह!”

हौसानं डोळे गच्च मिटून घेतले. आप्पांचा एक पाय पायरीवर, एक खाली. ते वळले.

“ह्ये काय म्हनला बाई?”

बाईंचा चेहरा मिरचीसारखा लाल. “देवाचे आभार मानले आप्पा. आमच्यात शिंक आली की मानतात.”

“शिंक आली म्हनून आभार?”

“हो.”

“म्हंजी तुमच्यात ती चांगली?”

बाईंनी नाक पुसलं. “चांगली न् वाईट कसली आप्पा. शिंक ती शिंक. देवाची आठवण करायला निमित्त झालं, एवढंच.”

आप्पा विचारात पडले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, त्याला कंडक्टरनंच गप्प केलं. शेवटी आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

“मंग आता ही शिंक कंच्या खांबात लिवायची?”

बाई म्हणाल्या, “ते तुम्ही परत आल्यावर ठरेल.”

आप्पांनी दुसरा पाय उचलला आणि आत जाऊन बसले. मोटार सुटली. काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! पोरं मोटारीमागं धावली, हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर गुद्दा मारला, आणि बाई रस्त्याच्या कडेला बसून हसत, शिंकत, पुन्हा आभार मानत होत्या.

पण संध्याकाळी आप्पा रिकाम्या हातांनी परत आले. सही घेणारा कारकून रजेवर होता. ते थेट शाळेत आले आणि गरजले, “बघा! म्हनलं व्हतं का न्हाई? नाट ती नाट!”

हेडमास्तर बाईंच्या कानाशी लागले, “एक चौकोन गाळा की हो. कुणाला कळणार आहे?”

“सर, एक गाळला तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल?” बाई म्हणाल्या. त्यांनी कुंचला गेरूत बुडवला आणि सगळ्यांसमोर, आप्पांच्या डोळ्यांदेखत, ‘शिंक झाली, काम फसलं’ या खांबावर नीट चौकोन भरला. कडा बाहेर जाऊ दिल्या नाहीत. भरून झाल्यावर मात्र त्यांनी एकदा हौसाकडे बघितलं. त्यांच्या मनात त्या चार मुली असणार.

आप्पा त्या ओल्या चौकोनाकडे बघत राहिले. “ह्यो माजा?”

“तुमचा.”

आवाज खाली आला. “म्हंजी माज्या बाजूचं बी लिवता तुमी.”

“जे झालं ते लिहायचं आप्पा. बाजू कुणाची ते नंतर.”

आप्पा गेले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा निघाले, या वेळी कुणाला न सांगता, भल्या सकाळी. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. वाटेत शिंक नाही, मांजर नाही, काही नाही. आणि कचेरीत साहेब फिरतीवर! आप्पा परत आले ते गालातल्या गालात हसत. वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, “बाई, बिनशिंकंच्या खांबात लिवा. काम फसलं.” आणि स्वतःच हात पुढे केला. “आना तो कुंचला.” त्यांनी भरलेला चौकोन कडेबाहेर गेला, शेजारच्या दोन चौकोनांत पसरला. तो आम्ही तसाच ठेवला.

तिसऱ्या खेपेला ते परवानगी घेऊनच आले. मार्च संपत आला होता. गुलाल कुणी आणला माहीत नाही, पण शाळेच्या अंगणात तो उधळला गेला. गडबडीत मुलांनी आप्पांना घेरलं. “आप्पा, निघताना कुनी शिंकलं व्हतं का?”

आप्पांनी आठवून बघितलं आणि म्हणाले, “शिंकलं बी असंल रं. ध्यान कुठं व्हतं माजं!”

बाईंनी ती खेप कुठल्याच खांबात लिहिली नाही. “माहिती अपुरी,” म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

जूनमध्ये अकरावी सुरू झाली. चारही मुली वर्गात होत्या. हौसाच्या घरी आलेल्या पाहुण्यांना आप्पांनी चहा पाजला आणि सांगितलं, पोरीची परीक्षा झाल्यावर बघू. परीक्षा झाली, ती पास झाली. मग आप्पाच म्हणाले, आता हिला मास्तरीण करायची. तिला ट्रेनिंगला पुण्याला नेऊन सोडायला ते स्वतः गेले.

बाई आमच्याकडे आणखी दोन वर्षं होत्या. वर्ग वाढले, नवे शिक्षक आले. त्यांच्या तासाचा आवाज पूर्वीसारखाच पत्र्यांवरून गावभर जायचा. मग बाईंना पुढचं शिकायला लांबच्या शहरात जागा मिळाली. वडील म्हणाले, जा. आम्ही काय म्हणणार? त्यांनी निरोपसमारंभ नको म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी घंटा होईपर्यंत शिकवलं, फळा पुसला, मुलांना म्हणाल्या, “बरं, येते,” जणू शनिवारच होता.

एप्रिलअखेरची दुपार ढळत होती. मावशींच्या दारात ट्रंक आणि वळकटी ठेवलेली. मोटारीला वेळ होता. इतक्यात आप्पांचा छकडा आला. गडी बरोबर नव्हता, कासरा त्यांच्याच हातात. “मोटार कशाला? जुन्नरला मी सोडतो तुमाला,” म्हणाले. बाई नको नको म्हणत होत्या, तोवर त्यांनी ट्रंक उचलून आत टाकली होती. मावशींनी दही घातलं हातावर. मुली रडत होत्या. मीही काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो. ते राहून गेलं. बाई म्हणाल्या, “मास्तर, तब्येत सांभाळा,” आणि चढून बसल्या.

छकडा वेशीबाहेर पडला. आम्ही पिंपळाच्या पारापर्यंत मागोमाग गेलो आणि थांबलो. दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं, उन्हात नुसती ढेकळं. आप्पा बोलता बोलता मागं वळून काहीतरी विचारत होते. बाई पुढं वाकून, हात हवेत नाचवत त्यांना काहीतरी समजावून सांगत होत्या. काय ते इतक्या लांबून ऐकू येईना. मध्येच आप्पांनी डोकं मागं टाकलं आणि हसायला लागले. असे हसले की पटका ढळला. तो सावरायला त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले, आणि कासरा सुटला. बाईंनीही तोंडाला पदर लावला होता. त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

रस्ता ओढ्याकडे उतरत होता. हसण्याच्या भरात छकडा हाकायचं दोघांच्याही ध्यानात नव्हतं. बैल आपल्याच मनानं चालले होते.